काथवटीचा दिवा

आमच्या वर्कशॉपच्या मालकाला वर्षातून एकदा साक्षात्कार होतो. एका वर्षी त्याला जपान दिसलं, पुढच्या वर्षी नॉर्वेचे मच्छीमार दिसले आणि त्याच्या पुढच्या वर्षी मेनोनाइट. सोमवारच्या मीटिंगला तो लिननचा चुरगळलेला शर्ट घालून आला, टेबलावर फोटो पसरले आणि म्हणाला, "साधेपणा! आपली पुढची सीरिज साधेपणाची." फोटोत अमेरिकेतल्या आमिश लोकांच्या घोडागाड्या होत्या.

"हे आमिश आहेत," मी म्हटलं. "मेनोनाइट वेगळे. आणि त्यांना बघायला अमेरिकेत कशाला जायचं? इथून अर्ध्या तासावर राहतात."

"जा, जा," तो म्हणाला, "पण ग्राहकाला त्यानं काय फरक पडतो?"

ग्राहकाला खरंच काही फरक पडत नाही. जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नमध्ये आम्ही हातानं लाकडी दिवे बनवतो. छताला टांगायचे, जेवणाच्या टेबलावर सोडायचे. घेणारे असतात दातांचे डॉक्टर, वकील आणि हल्ली फ्रँकफर्टच्या आजूबाजूला नवी घरं घेतलेली आपली पुण्या-मुंबईची आयटी मंडळी. दुकानात येऊन "अय्या, किती साधं!" म्हणतात, घरी जाऊन त्याच्याखाली बसतात आणि मान खाली घालून फोन बघत वरणभात खातात. दिव्याकडे वर मान करून बघणारा एकही ग्राहक मी आठ वर्षांत पाहिलेला नाही.

ह्या आठ वर्षांतला प्रत्येक दिवा माझ्या डोक्यातून निघालेला. कागदावर मी काढायचा, लाकूड मी निवडायचं, पहिला नमुना मी माझ्या हातानं करायचा. आणि तयार दिव्याच्या कडेला तापल्या लोखंडानं उमटवायचा तो वर्कशॉपचा शिक्का, म्हणजे मालकाच्या काकाचं आडनाव. ह्या मालकाला रंधा कुठून धरतात तेही धड ठाऊक नाही. उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि वर लिननचे शर्ट घालायचे.

तर त्या दिवशी मी म्हटलं, "ह्या सीरिजवर माझं नाव पाहिजे. लाकडावर, जाळून."

तो दचकला. मग गोड हसला. "बरं तर, वसंतातल्या प्रदर्शनात लोकांनी उचलून धरली तर टाकू की नाव."

घरी नवऱ्याला सांगितलं. तो इथल्या संशोधन संस्थेत आहे. म्हणाला, "माझं नाव पेपरवर सातवं असतं. मी काही बोलतो का?" नाही बोलत. म्हणूनच सातवं असतं. मला ते नाव हवं होतं, आणि ते हवं असण्यात काही वावगं आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही.

मेनोनाइट म्हणजे ख्रिश्चनांमधली एक जुनी, हट्टी मंडळी. तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत, मोठं होऊन ज्यानं त्यानं मागून घ्यायचा. हत्यार उचलत नाहीत, शपथ घेत नाहीत. ह्यापायी स्वित्झर्लंडमधून हाकलले गेले. इकडे लढायांनी ओस पडलेली जमीन कसायला माणसं हवी होती, म्हणून जमीनदारांनी ठेवून घेतलं. मात्र अट अशी की प्रार्थनेच्या घराला मनोरा नको, घंटा नको, रस्त्यावरून बघणाऱ्याला ते चर्च वाटता कामा नये. तसंच ते बांधलंय. मी पहिल्यांदा त्या गावात गेले तेव्हा त्याच घरासमोर गाडी लावून पत्ता विचारत हिंडले. मला ते ट्रॅक्टरची शेड वाटलं होतं.

ज्या म्हातारीकडे मला गावातल्यांनी पाठवलं ती त्या घराच्या किल्ल्या सांभाळायची. शेत दुसऱ्याला कसायला दिलेलं, मुलं शहरात, ही एकटी दोन खोल्यांत. मी कोण, कुठली, भारतात वाघ असतात का, माझ्या कपाळावरची टिकली कसली, असं इथे हटकून विचारतात त्यातलं एकही तिनं विचारलं नाही. मला वाटलं, मठ्ठ असेल. भिंतीवर चित्र नाही, टेबलावर कापड नाही, दिवा म्हणजे एक उघडा बल्ब. साधेपणाची सीरिज काढायला आलेल्या बाईला साधेपणा बघून जांभया यायला लागल्या. खुर्च्यांचे पाय, दाराच्या खिट्ट्या, गाद्यांची पेटी, सगळ्याचे फोटो काढले आणि त्यातल्या कशाचाही दिवा होणार नाही हे मला तिथेच कळलं.

निघताना तळघराच्या पायरीवर ते भांडं दिसलं. ओकच्या आखूड फळ्या गोलाकार उभ्या लावलेल्या, बाहेरून हेझलच्या चिरलेल्या फांद्यांच्या दोन कड्या आवळलेल्या. ना खिळा, ना सरस. उथळ, रुंद, तोंडाशी किंचित फाकलेलं. आत कांदे होते. माझ्या मनात पहिला शब्द आला तो काथवट. आमच्याकडे भाकरीचं पीठ मळायला असायची ती एका लाकडातून कोरलेली आणि ही फळ्यांची, एवढाच काय तो फरक. काथवट म्हटल्यावर पिठाची, हे माझ्या डोक्यात इतकं घट्ट बसलं की विचारायची गरजच वाटली नाही. जर्मन माणूस पाव खातो, पावाला पीठ लागतं, पीठ मळायला काथवट. झालं.

"हे कोणी केलं?" एवढंच मी विचारलं.

"ज्याला येत होतं त्यानं," म्हातारी म्हणाली.

"नाव वगैरे नाही कुठे?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कांद्यांची नावं विचारली होती. मग कांदे एका पिशवीत ओतले, भांडं फडक्यानं पुसलं आणि माझ्या हातात दिलं. "मापं घ्या, चित्रं काढा, ठेवा थोडे दिवस. फक्त इस्टरच्या आधी मला परत हवं." इस्टरचा गोड पाव मळायचा असेल, असं मी धरून चालले.

वर्कशॉपमध्ये आणल्यावर ते मी उलटं करून आढ्याच्या हुकाखाली धरलं आणि मला सीरिज सापडली. पुढचं सगळं एका आठवड्यात सुचलं. फळ्या ओकऐवजी अ‍ॅशच्या घ्यायच्या, पातळ, पोस्टकार्डाइतक्या. सरस नाही, आवळणारी कडी तेवढी बाहेरून. आणि दोन फळ्यांमध्ये केसाएवढी फट सोडायची. भांड्यात फट म्हणजे भांडं फुकट गेलं. दिव्यात त्याच फटीतून उजेडाच्या रेघा भिंतीवर पडतील. एवढी चांगली कल्पना मला आठ वर्षांत सुचली नव्हती. मालकाला दाखवली तेव्हा तो म्हणाला, "हं, पण जरा रिकामं रिकामं वाटतं, खाली एखादं कबूतर कोरलं तर?" गाढवाला गुळाची चव काय!

आता भोकाचं सांगते. फाकलेल्या तोंडातून उजेड टेबलावर कसा उतरेल हे मला आधी मूळ भांड्यात बघायचं होतं. कॉम्प्युटरवर सगळे दिवे सुंदरच दिसतात. एक बल्ब स्टँडला बांधून भांड्याच्या आत धरला असता, तर भागलं असतं. विद्यार्थीसुद्धा तसंच करतो. पण त्यात सावली मध्ये येते, मग स्टँड हलवा, परत बांधा. मी ड्रिल घेतलं आणि तळाच्या मधोमध वायर जाईल एवढं भोक पाडलं. हात थरथरला, मन कचरलं, असलं काहीही झालं नाही. कांद्याचं भांडं ते. मनात आलं ते इतकंच की म्हातारीला काय कळतंय.

उजेड मात्र अप्रतिम पडला. मालकाच्या फोटोग्राफरनं त्याच दिवशी ते लटकलेलं मूळ भांडंच टिपलं आणि तोच फोटो पुढे माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर गेला. खाली मजकूर मालकाचा: "पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावाची ऊब, आता तुमच्या टेबलावर." पीठ मळायची काथवट ही माहिती अर्थात मीच पुरवलेली.

भोक बुजवायला मला पूर्ण एक दिवस लागला. भंगारातून त्याच वयाचा ओकचा तुकडा शोधला, रेषा तळाच्या रेषांशी जुळवून गोल बूच कातलं, ठोकून बसवलं, तासलं, चहाच्या पाण्यानं आणि मेणानं रंग जुळवला. दुसऱ्या दिवशी मलाच जागा शोधावी लागली. खरं सांगायचं तर दिव्यापेक्षा त्या बुचाचा मला जास्त अभिमान होता. आमच्या वर्कशॉपमध्ये ते ओळखू शकेल असा एकही माणूस नव्हता.

प्रदर्शनात सीरिजचं नाव झालं. काळे कपडे घातलेली माणसं दिव्याखाली उभी राहून "हा आवरलेपणा" वगैरे बोलली. त्यांच्यातल्या एका बाईनं मला विचारलं, मी स्वतः मेनोनाइट आहे का. मी साडी नेसले होते. परत आल्यावर मालकानं नाइलाजानं माझ्या नावाचा शिक्का बनवून घेतला आणि पहिल्या दिव्याच्या कडेला तो मी स्वतः उमटवला. लाकूड जळल्याचा वास आला. त्या वासानं माझे डोळे भरून आले हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

इस्टरच्या आधीच्या आठवड्यात भांडं परत द्यायला गेले. म्हातारीनं ते घेतलं, उलटं केलं, तळावरून सावकाश तळहात फिरवला. मग ते बाजूला ठेवलं आणि कॉफी केली. केक कोरडा होता. मी आपलं सहज म्हणून विचारलं, "आता पीठ मळणार ना ह्यात?"

"पीठ? नाही. पाय धुवायला आहे ते."

मग तिनं सांगितलं. इस्टरच्या आधीच्या गुरुवारी मंडळी जमते आणि एकमेकांचे पाय धुते. बाकी ठिकाणी ही प्रथा कधीच बंद पडली. इथे उरलेले पंधरा-वीस जण अजून करतात. वर्षभर भांडं घरात पडून राहतं, म्हणून कांदे.

मला हसू आवरेना. खोकल्याचं सोंग करून मी ते गिळलं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावाची ऊब! पाय धुवायचं भांडं मी उलटं करून वकिलांच्या सूपवर टांगलं होतं. आणि आमची ती फ्रँकफर्टची मंडळी! त्यांना कळलं असतं तर त्यांनी घरात गोमूत्र शिंपडलं असतं. आणि तीच मंडळी कुणी महाराज आले की पाद्यपूजेला रांग लावून ते पाणी तीर्थ म्हणून डोळ्यांना लावतात. माझ्या स्वतःच्या लग्नात माझ्या बाबांनी, गुडघे दुखत असताना, खाली बसून ह्या सातव्या नावाच्या माणसाचे पाय धुतले होते आणि ह्यानं ते मुकाट धुवून घेतले होते. पाय धुण्याच्या सोहळ्यांबद्दल माझं मत तेव्हापासून फारसं चांगलं नाही.

मी हे सगळं मनात घोळवत असताना म्हातारीनं कप खाली ठेवला. "त्या गुरुवारच्या आधी आम्ही एक करतो," ती म्हणाली. "वर्षभरात ज्यांच्याशी संबंध आला त्यांना जाऊन विचारतो. पोस्टमनला विचारलं, डॉक्टरला विचारलं, शेत कसतो त्याला विचारलं. आता तुम्हाला विचारते. आपल्या दोघींमध्ये काही आहे का?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं क्षणभर झालं. पण क्षणभरच. माझ्या डोळ्यासमोर माहितीपत्रक आलं, पहिल्या पानावरचा तो फोटो, तळातून निघालेली वायर. म्हातारीनं एका शब्दानं तक्रार केली असती तर मालकानं सगळ्यात आधी माझा शिक्का कचऱ्यात टाकला असता. त्याला निमित्तच हवं होतं. आणि तसं बघितलं तर भोक बुजवलेलं होतं, पाणी गळणार नव्हतं, मग कुणाचं काय बिघडलं? पोस्टमन आणि डॉक्टर ह्यांच्यानंतर माझा नंबर लागलाय ह्याचीही गंमत वाटत होती.

"छे," मी म्हटलं. "काय असणार?"

तिनं मान हलवली. पुन्हा विचारलं नाही. दारापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "गुरुवारी या. ते कशासाठी आहे ते बघा."

गेले, कारण बूच. ओक पाण्यात फुगतो, नवा तुकडा जुन्यापेक्षा वेगळा फुगतो आणि ते भांडं तासभर कोमट पाणी धरतं की नाही हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं.

त्या शेडसारख्या घरात बायका एका खोलीत, पुरुष पलीकडच्या. पुढे भांडं, शेजारी किटली आणि टॉवेल. आठ-नऊ म्हाताऱ्या, मोजे काढून बुटांत खोचलेले. दोघी-दोघी पुढे जायच्या. एक बसायची, दुसरी बाकाला धरून कशीबशी खाली वाकायची, हातानं पाणी घ्यायची, पाय पुसायची, मग अदलाबदल. मग एकमेकींना मिठी मारून जागेवर. कुणी रडत नव्हतं, कुणी गात नव्हतं. एकीच्या पायाला बँडेज होतं ते तिनं आधी नीट सोडून घडी करून ठेवलं. मी शेवटच्या बाकावरून मान खाली घालून तळाकडे बघत होते. फरशी कोरडी होती. थेंबसुद्धा नाही. पुढच्या बाकावरच्या बाईनं मागे वळून माझ्याकडे बघून मायेनं स्मित केलं. मी प्रार्थना करतेय असं तिला वाटलं असावं.

म्हातारी माझ्या शेजारीच बसली होती. मला सोबत म्हणून बसली असेल, आपली पाळी आली की उठेल, असं मी धरलं होतं. पण जोड्या जात होत्या, येत होत्या आणि ती हलत नव्हती. तिच्या पायात मोजेही होते आणि बूटही, लेस बांधलेले.

मी हळूच विचारलं, "तुम्ही नाही जात?"

"ह्या वर्षी नाही."

"गुडघे दुखतात का?"

"गुडघे दुखतातच. त्याचं काही नाही." ती पुढे बघतच बोलत होती. "माझं एकीशी काहीतरी बाकी आहे. तसं असलं की पुढे जाता येत नाही."

मला ह्या लोकांचा कंटाळा आला. पंधरा-वीस जण उरलेत आणि त्यातही रुसवेफुगवे. "मग जाऊन विचारून टाका ना तिला," मी म्हटलं.

"विचारलं," म्हातारी म्हणाली. "काही नाही म्हणाली."

पुढे कुणीतरी किटलीतून पाणी ओतत होतं. अजून दोन जोड्या बाकी होत्या. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण मी तेव्हा त्या मोजल्या होत्या. मी त्याच क्षणी तोंड उघडलं असतं तर ती उठून गेली असती, वेळ होता. मी उघडलं नाही. मी विचार करत होते की हिला नक्की किती माहीत आहे. नुसता संशय आहे की फोटो पाहिलाय. कबूल केलं तर कितपत करायचं. एक जोडी गेली आणि आली. दुसरी गेली. दुसरीतल्या दोघींना खाली वाकणं जमेना, तेव्हा दोघी एकमेकींना धरून हसल्या, त्यातही बराच वेळ गेला. आयुष्यभर ज्या ज्या माणसांना मी नाक मुरडलं, त्यातलं एकही त्या बाकावर बसलेल्या माझ्याइतकं हलकट नव्हतं.

दोघीजणींनी भांड्याचे काठ धरले आणि पाणी बादलीत ओतलं. तेव्हा मी बोलले.

"तळाला भोक मी पाडलं. दिव्यासाठी. तुम्हाला न विचारता."

"हो," ती म्हणाली. "हाताला लागलं. साठ वर्षं मीच घासतेय ते. बूच फार छान बसवलंय."

"मग आता जा ना," मी म्हटलं, माझा आवाज मोठा झाला असावा कारण दोन-तीन डोकी वळली. "मी सांगितलं ना आता. मी त्यांना पाणी परत भरायला सांगते. मी धुते, मला सांगा कसं ते."

पुढे एकजण टॉवेलनं भांडं कोरडं करत होती. म्हातारीनं माझ्या हातावर हात ठेवला. तो हात थंड होता आणि अगदी हलका.

"पुढच्या वर्षी," ती म्हणाली आणि पुढच्या बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरून उठायला लागली. पहिल्या खेपेला तिला उठता आलं नाही.